साठीनंतरचा रॉक आवाज मंचावर कसा टिकतो? (अनुभव धागा)

मंडळी, १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस वाजले, तेव्हा त्यांचा गायक अ‍ॅक्सल रोझ ६३ वर्षांचा होता. अशा कार्यक्रमानंतरची चर्चा बहुधा 'आवाज गेला' आणि 'आवाज अजून आहे' या दोन टोकांवरच अडकते. पण त्या वयात दोन तास तार सप्तकात गाणं जमतं ते कशामुळे आणि बिघडतं ते कुठे, हे घशाशी, वाद्यांशी, मिक्सरशी रोजचा संबंध असणाऱ्यांकडून ऐकायचं आहे. कृपया आठवणी नकोत, कामाचे तपशील लिहा. काय करता, किती करता, काय चुकतं.

कान-नाक-घसा तज्ज्ञ, मुंबई

मुळापासून सुरू करतो. स्वरतंतूंच्या आतला स्नायू वयानुसार बारीक होतो, वरच्या थराची लवचिकता कमी होते आणि तंतू धनुष्यासारखे किंचित वाकतात. दोन्ही तंतू मिटले तरी मध्ये फट राहते. त्या फटीतून हवा निसटते, म्हणून दम लवकर संपतो आणि लांब सूर हवाळ लागतो. फुप्फुसांची क्षमताही उतरलेली असतेच.

खरं नुकसान होतं ते यापुढे. फट भरून काढायला गायक मानेचे आणि स्वरयंत्राच्या वरच्या भागाचे स्नायू आवळतो. पहिली चार गाणी दणदणीत जातात, मग खरखर सुरू होते आणि वरचे सूर मध्येच तुटतात. श्रोत्यांना वाटतं वय बोलतंय, पण बऱ्याचदा तो आवळण्याचा परिणाम असतो आणि थेरपीने पुष्कळ सुधारतो.

फट मोठी असेल तर शस्त्रक्रिया. बॉन जोवी या बँडचा गायक जॉन बॉन जोवी याचा एक स्वरतंतू क्षीण होत चालला होता. २०२२ मध्ये त्याच्यावर जी शस्त्रक्रिया झाली, त्या प्रकारात कंठाच्या कूर्चेत छोटी खिडकी करून आत रोपण ठेवतात आणि तंतू मध्याकडे सरकवतात. पुष्कळदा फक्त जागा बधिर करून हे करतात, म्हणजे रुग्णाला सूर लावायला सांगून रोपण किती सरकवायचं ते तिथेच ठरवता येतं. पण बोलणं नीट होणं वेगळं आणि स्टेडियममध्ये दोन तास गाणं वेगळं. त्यात वर्षं जातात.

एक कळकळीची विनंती. कार्यक्रमाच्या दिवशी घसा बसला म्हणून स्टिरॉइड घेऊन गाऊ नका. सूज उतरते, पण इजा झाकली जाते आणि गायक त्याच इजेवर जोर देतो. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनमुळे तंतूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. सर्दीच्या काही गोळ्या घसा कोरडा करतात. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची कॅमेऱ्याने तपासणी) करून घ्याच. 'द हू' बँडचा गायक रॉजर डॉल्ट्री याच्या स्वरतंतूंवरचे कर्करोगपूर्व बदल २००९ मध्ये वेळेत काढले गेले, म्हणून तो पुढेही गात राहिला.

गिटार टेक्निशियन, पुणे

पट्टी उतरवण्याबद्दल. अर्धा सूर खाली म्हणजे लगेच 'आवाज संपला' असं नसतं. गन्स अँड रोझेस पहिल्या अल्बमपासूनच अर्धा सूर खाली लावतात. २००७ ला लंडनमध्ये लेड झेपेलिन पुन्हा एकत्र वाजले तेव्हाही बरीच गाणी मूळ पट्टीच्या खाली होती, आणि ती संध्याकाळ लोक अजून कौतुकाने आठवतात.

प्रत्यक्षात असं करतो. अर्धा सूर उतरवायचा तर ०१०च्या तारा (हा आकडा सगळ्यात पातळ तारेची जाडी सांगतो) चालतात. पूर्ण सूर उतरवायचा तर ०११ चढवतो, नाहीतर तारा ढिल्या पडतात, जोरात प्रहार केला की सूर आधी चढतो आणि मग खाली बसतो. तारा बदलल्या की गिटारच्या मानेतला रॉड आणि इंटोनेशन (मानेवर वर-खाली सगळीकडे सूर नेमका लागतो का ते) पुन्हा बघावं लागतं. फ्लॉइड रोझ ब्रिज (स्प्रिंगांवर तोललेला, तारा धरणारा भाग) असेल तर मागच्या स्प्रिंगा पुन्हा समतोल कराव्या लागतात. हे काम कार्यक्रमाच्या दिवशी करू नये. तारा बसायला एक रात्र द्या.

मोकळ्या तारेवर बांधलेली रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) नुसती बोटं सरकवून उतरवता येत नाही, तिला गिटारच खाली लावावी लागते. म्हणून काही गाणी मूळ पट्टीत आणि काही उतरलेली असतील तर प्रत्येक वादकामागे किमान दोन गिटारी तयार ठेवतो. पट्टी उतरवणारं पेडल मोठ्या आवाजात चालून जातं, शांत सुरुवात असलेल्या गाण्यात मात्र वादकाला तारेचा मूळ सूरही ऐकू येतो आणि तो गोंधळतो. बेसला पूर्ण सुराच्या खाली जायचं असेल तर पाच तारांचाच घ्या.

कीबोर्डवादक, ठाणे

ट्रान्सपोजचं बटण सोपं आहे, त्यामुळेच घात करतं. पुढच्या गाण्याआधी ते शून्यावर आणायचं राहिलं की अख्खा बँड एका पट्टीत आणि कीबोर्ड दुसऱ्या. प्रत्येक गाण्याचा वेगळा प्रीसेट (साठवलेली सेटिंग) करून पट्टी त्यातच साठवा. क्लिकबरोबर (कानात वाजणाऱ्या ठेक्याच्या टकटकीबरोबर) चालणारे आधी रेकॉर्ड केलेले ट्रॅक असतील तर तेही नव्या पट्टीत पुन्हा काढावे लागतात, आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं) असेल तर स्वरलिपी नव्याने लिहावी लागते.

आवाजाची शिक्षिका, नाशिक

किती उतरवायचं यावर वाद होतात, पण 'जास्त खाली म्हणजे जास्त सोपं' हे खरं नाही. पुरुषी आवाजात वरच्या सुरांकडे जाताना एक सांधा असतो, जिथे आवाज पोत बदलतो. अर्धा सूर उतरवल्यावर ध्रुवपदातला लांब सूर नेमका त्या सांध्यावर येऊन बसला तर गाणं आधीपेक्षा अवघड होतं. अशा वेळी पूर्ण सूर उतरवा किंवा मूळ पट्टीतच राहा. उलट फार उतरवलं तर कडवं खर्जात जातं, तिथे फटीमुळे जोर नसतो आणि शब्द ऐकूच येत नाहीत. कडवं तसंच ठेवून फक्त ध्रुवपदाची चाल वळवणं मला अनेकदा जास्त योग्य वाटतं.

बॉन जोवीच्या 'लिव्हिन ऑन अ प्रेअर'मध्ये शेवटी पट्टी दीड सूर चढते. मंचावर ती चढण गाळली तर दोन तासांतला सगळ्यात महाग क्षण वाचतो. डीप पर्पलच्या इयन गिलनने तर 'चाइल्ड इन टाइम' कार्यक्रमातून काढूनच टाकलं. त्या किंकाळ्या पंचविशीत बांधलेल्या होत्या. हा निर्णय मला अत्यंत प्रामाणिक वाटतो.

तयारी अशी: कार्यक्रमाच्या दीड तास आधी पाण्यात बुडवलेल्या स्ट्रॉमधून सूर लावणे. टोक पाण्यात २-३ सेंटिमीटरच, एका वेळी ५ मिनिटं. मग ओठ थरथरवत खालून वर आणि परत. पूर्ण ताकदीचा वरचा सूर साउंडचेकमध्ये (कार्यक्रमाआधीच्या आवाज-चाचणीत) लावायचाच नाही. क्रम लावताना पहिली दोन गाणी मध्य सप्तकातली, सगळ्यात उंच गाणं तिसऱ्या ते सहाव्या जागेवर, त्याच्या पाठोपाठ गिटार किंवा ड्रम सोलो. शेवटी उंच गाणं हवंच असेल तर ते असं निवडा, जे लोक स्वतः गातात. कार्यक्रम संपल्यावर पुन्हा ५ मिनिटं स्ट्रॉ. ते बहुतेक जण टाळतात आणि दुसऱ्या सकाळी तक्रार करतात.

मॉनिटर इंजिनिअर, मुंबई-गोवा

स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडतो. म्हणून म्हाताऱ्या आवाजाला कानातले मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे इअरफोन) जवळपास सक्तीचे. गायकाच्या मिक्समध्ये त्याचाच आवाज सगळ्यात वर, मग सुरासाठी एक वाद्य, ठेक्यासाठी ड्रमसेटमधले किक-स्नेअर, बाकी अगदी कमी. प्रेक्षक ऐकू यावेत म्हणून गायक एका कानातला मॉनिटर काढतो आणि उरलेल्या कानात आवाज वाढवून मागतो. तिथून घसाही जातो आणि कानही. त्यापेक्षा प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माइक लावा आणि ते मिक्समध्ये द्या.

प्रेक्षकांना ऐकू जाणाऱ्या बाहेरच्या मिक्समध्ये १०० हर्ट्झच्या खालचं कापतो, कॉम्प्रेशन (मोठे सूर दाबून चढ-उतार कमी करणं) ३:१च्या आसपास. आवाज हवाळ झाला म्हणून कॉम्प्रेशन वाढवलं तर श्वास आणि माइकमध्ये शिरणाऱ्या झांजा दोन्ही वर येतात. क्षीण आवाजाचा खरा शत्रू मागचा ड्रमसेट आहे. तो मागे सरकवा, बाजूला घ्या किंवा समोर पारदर्शक पडदा लावा. वरची ओळ सहगायकाला द्या, मुख्य गायक तिच्याखालची गाईल. दोघांचं मिश्रण नीट जमलं तर ऐकणाऱ्याला मूळ उंची जाणवते.

कार्यक्रम नियोजन, पुणे

दोन कार्यक्रमांमागे एक पूर्ण मोकळा दिवस, आणि त्या दिवशी मुलाखती नाहीत. बोलण्यानेही आवाज खर्च होतो. मुंबईची दमट हवा घशाला चांगली, हॉटेलचा एसी वाईट. खोलीत ह्युमिडिफायर मागून घ्या. पाणी दिवसभर प्यायला हवं, मंचावर प्यालेलं पाणी तंतूंपर्यंत त्या वेळी पोचत नाही. आपल्याकडे मोकळ्या मैदानात रात्री १०ला आवाज बंद करावा लागतो. मग साडेअकराला तिखट जेवण आणि लगेच झोप, म्हणजे आम्ल घशापर्यंत येणारच. मुख्य जेवण संध्याकाळी ५ला द्या, नंतर हलकं काही.

धुराच्या यंत्राबद्दल करारात स्पष्ट लिहा. जेथ्रो टल बँडचा गायक इयन अँडरसन याने आपल्या फुप्फुसाच्या आजाराचा दोष अनेक वर्षांच्या मंचावरच्या धुराला दिला आहे. त्याने २०१२ च्या दौऱ्यात बरंचसं गाणं दुसऱ्या गायकाबरोबर वाटून घेतलं, तोही एक चांगला मार्ग आहे.

श्रोता, न्यू जर्सी

मोबाइलच्या क्लिपवरून आवाज जोखू नका. फोन मोठा आवाज दाबतो आणि गायकाजवळ नाही तर शेजारच्या प्रेक्षकाजवळ असतो. मिक्सरवरून थेट घेतलेल्या रेकॉर्डिंगची अडचण उलटी आहे. त्यात मैदानाचा घुमार नसतो, त्यामुळे प्रत्येक तडा उघडा पडतो. तुलना करायचीच तर त्याच दौऱ्यातलं तेच गाणं दोन तारखांचं ऐका, एक सुट्टीनंतरच्या दिवसाचं आणि एक लागोपाठच्या दुसऱ्या कार्यक्रमाचं. पट्टी आधी ट्यूनरवर तपासा.