जुन्या गाडीतला लांबचा प्रवास: तुमचे अनुभव लिहा

काल माळा आवरताना बाबांच्या फियाटची किल्ली सापडली. गाडी विकून पंचवीस वर्षं झाली, जोडकिल्ली घरातच राहिली होती. हातात घेतली आणि एकदम पेट्रोलचा आणि ओल्या फडक्याचा वास आला.

जून १९८७, ठाणे ते लेह. प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. आम्ही पाच जण. माझी चौथी सुरू झाली आणि पहिला आठवडा बुडला, बाईंना आईने आधीच चिठ्ठी दिली होती. राजस्थानात भर दुपारी गाडी गचके खात बंद पडायची. आई बॉनेट उघडून इंजिनवरच्या पेट्रोल पंपाला ओलं फडकं गुंडाळायची, वीस मिनिटं झाडाखाली बसायचं, की गाडी चालू. पंजाबात तेव्हा वातावरण वाईट होतं, त्यामुळे अंधाराच्या आत पठाणकोट गाठायचं एवढं एकच बाबा बोलत होते.

खरी परीक्षा झोजीला खिंडीत. सोनमर्गला फाटकापाशी थांबायचं, आधी लष्कराचे ट्रक जायचे, मग आपण. रस्ता म्हणजे चिखल, एका बाजूला बर्फाची भिंत, दुसरीकडे दरी. पहिल्या गिअरमध्ये गाडी काळा धूर सोडत चढत होती. थांबली रे थांबली की दादा उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचा. सोनमर्गला उचललेला तो एकच दगड त्याने मांडीवर धरून लेहपर्यंत नेला. गाडी बाबा चालवायचे, पण पोहोचवायचो आम्ही सगळे. तो दगड अजून आईच्या तुळशीपाशी आहे.

तुम्हीही लिहा ना. कुठली गाडी, कुठला रस्ता?

सोलापुरी चादर
अँबेसेडर मार्क टू. १९७९, सोलापूर ते कच्छ. थंडीत सकाळी हँडल मारल्याशिवाय उठायचीच नाही. भुजहून खावड्याकडे जाताना बन्नीच्या माळरानात पंक्चर झालं, स्टेपनी आदल्या दिवशीच वापरलेली. चारी बाजूंना सपाट, झाड म्हणून नाही. दोन तासांनी एक मालधारी, म्हणजे तिथला गुराखी, म्हशी घेऊन आला. आमचं गुजराती शून्य, त्याचं मराठी शून्य. त्याने काका आणि ट्यूब दोघांना उंटावर घालून खावड्याला नेलं, आणि त्याच्या घरच्यांनी आम्हा बाकीच्यांना भुंग्यात, म्हणजे त्यांच्या गोल मातीच्या घरात बसवून चहा पाजला. पाणी न घातलेल्या दुधाचा. भुंग्याच्या भिंतीत बसवलेले आरसे अजून डोळ्यांसमोर आहेत. पैसे घेतले नाहीत. निघताना आईने त्यांच्या सुनेला आपल्याजवळची नवी चादर दिली, तेव्हा कुठे आईचा जीव शांत झाला.

आजी६८
ओलं फडकं!! आमच्याकडे माझा पंचा असायचा. यांना हाक मारायची गरजच पडत नसे, गाडी गचकली की मी बाटली घेऊन खाली. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

गॅरेजवाला
ताई, फडक्यामागचं कारण सांगतो. वडिलांचं गॅरेज होतं, लहानपण फियाटखालीच गेलं. तो पंप इंजिनला चिकटून असतो. तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. म्हणून थंड करायचा. आणि झोजीलाचा काळा धूर म्हणजे बिघाड नव्हे. वर हवा विरळ, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर मात्र खालच्या हिशेबानेच पेट्रोल सोडतो, ते पुरतं जळत नाही. आमचे वडील अशा प्रवासाला निघणाऱ्यांना त्याचा स्क्रू किती फिरवायचा ते कागदावर चित्र काढून द्यायचे. पुढे फोटूला ही खिंड लागली असेल, ४१०८ मीटर. तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे रेडिएटर सांभाळायला लागतो. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

दूरदेशी
१९९८, ॲडलेड ते पर्थ, १९७४ ची होल्डन किंग्सवूड. वाटेतलं ऑस्ट्रेलियाचं नलारबोर मैदान, लॅटिनमध्ये 'झाड नाही', आणि नावाप्रमाणेच एकही झाड नाही. एक पट्टा १४६.६ किमी बिलकूल सरळ, स्टिअरिंग हलवायचंच नाही. समोरून तासाभरात एखादी गाडी यायची आणि तिचा चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा. तेवढंच, पण त्या एका बोटाची वाट बघायचो आम्ही. कायगुना या रस्त्यावरच्या थांब्याच्या अलीकडे रेडिएटरचा पाइप फुटला. मागे डबे जोडलेली लांबलचक ट्रकगाडी थांबली, चालकाने काही न विचारता चिकटपट्टी गुंडाळली, स्वतःच्या कॅनमधलं पाणी ओतलं आणि कायगुनापर्यंत आमच्या मागे मागे हळू चालवली. बायकोने तिथे स्टोव्हवर पोहे करून त्याला दिले. दोनदा घेतले त्याने.

काळीपिवळी
माझे वडील पद्मिनी टॅक्सी चालवायचे. लेहबिह नाही, परळ ते देवगड, गणपतीला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. एवढंच लिहायचं होतं.

सोलापुरी चादर
काळीपिवळी, वाचून गलबलून आलं. बाबांकडून एखादा प्रवास लिहून घ्या. ते सांगतील, तुम्ही टाइप करा.

काळीपिवळी
हो, आज रात्रीच विचारते. कशेडी घाटातली एक गोष्ट त्यांची ठरलेली आहे.

आजी६८
आले. ताई, पाच जणांचं खाणं काय नेलं होतं? आम्ही दशम्या न्यायचो, चार दिवस टिकायच्या.

किल्लीची मालकीण
दशम्या, लसणाची चटणी, गूळपापडी. कारगिलला मुक्काम होता तिथे शेवटची दशमी पाच तुकडे करून खाल्ली. आजी, माझ्या दशम्या दुसऱ्याच दिवशी बुरसतात, आईच्या कशा टिकायच्या?

आजी६८
पाण्याचा हात लावतेस का पिठाला? नुसत्या दुधात भिजव.

सोलापुरी चादर
आणि ज्वारीच्या कर, कणकेच्या नको.