त्रान आन हुंग : मोलकरणीचं राबणं इतकं देखणं का? (‘तळटीप’, ‘गवतीचहा’ आणि ‘मधलीसुट्टी’ या टोपणनावांची ऑनलाइन चर्चा)

तळटीप
काल व्हिएतनामी-फ्रेंच दिग्दर्शक त्रान आन हुंगचा ‘द सेंट ऑफ ग्रीन पपाया’ (१९९३) पुन्हा पाहिला. पन्नाशीच्या दशकातलं सायगाव, दहा वर्षांची मोलकरीण मुई. कच्ची पपई चिरते, मुंग्या न्याहाळते, फरशी पुसते. सगळं इतकं नितळ की पोर दिवसभर राबतेय हेच विसरायला होतं. वर ते सायगावही फ्रान्समधल्या स्टुडिओत उभारलेलं! १९७५मध्ये लहानपणीच देश सुटलेल्या माणसाने आठवणीतलं अंगण बांधलं, हे समजतं. पण त्याच अंगणाला कान चित्रपट महोत्सवात कॅमेरा द’ओर (पहिल्या चित्रपटासाठीचं पारितोषिक) आणि व्हिएतनामच्या नावावर ऑस्कर नामांकन? मला तरी तो काचेच्या कपाटातला व्हिएतनाम वाटला.

गवतीचहा
मग त्याचाच ‘सिक्लो’ कोणत्या कपाटात ठेवताय? १९९५चा, हो चि मिन्ह शहरात, म्हणजे पूर्वीच्या सायगावातच, जाऊन केलेला. पोराची सायकलरिक्षा चोरीला जाते आणि तो टोळीच्या हाती लागतो. बहिणीला धंद्याला लावलं जातं. व्हेनिस महोत्सवाने आपला सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लायन, दिला, व्हिएतनामने बंदी घातली. छान दाखवलं तर खोटं, घाण दाखवली तर बदनामी. परदेशी गेलेल्याने करायचं तरी काय?

तळटीप
‘सिक्लो’ मान्य. पण त्यातही टोनी लिऊंग या नटाने केलेला गुंड कवी, सिगारेट ओढत उदास. गरिबीलाही पोझ लागते का हो?

मधलीसुट्टी
तुम्ही दोघं नव्वदीतच अडकलात. २०२३चा ‘द टेस्ट ऑफ थिंग्ज’ पाहा, ज्यासाठी त्याला कानमध्ये दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. (फ्रान्सने ऑस्करला ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ऐवजी हा पाठवला आणि नामांकनही हुकलं, तो वाद वेगळा.) एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच स्वयंपाकघर, पाककृतींना नामांकित शेफ पियेर गान्येरचा सल्ला. स्वयंपाकीण युजेनी वर्षानुवर्षं खवय्या दोदँच्या घरी रांधते, त्याच्यावर प्रेम करते, पण लग्नाला नाही म्हणत राहते. शेवटी विचारते, मी तुझी स्वयंपाकीण की बायको? तो म्हणतो, स्वयंपाकीण. तिला हेच उत्तर हवं असतं. मुई मालकाच्या प्रेमात विरघळली होती. तीस वर्षांनी याच दिग्दर्शकाने स्वयंपाकिणीला तिचं काम हाच मान दिला. तळटीपसाहेब, तुमच्या तक्रारीचं उत्तर तिथे आहे.

गवतीचहा
+१. आणि तो पदार्थांना वाट पाहायला लावतो. रस्सा आटेपर्यंत कॅमेरा स्वयंपाकघर सोडायला तयार नाही.

तळटीप
युजेनीचं पटलं, खरंच. पण तिच्या हाताखाली पातेली उचलणारी व्हायोलेट आहे ना, तिला कुणी विचारलं का काही?

मधलीसुट्टी
तुम्ही आता पातेल्यांपर्यंत आलात. रविवारी पुन्हा पाहतो, व्हायोलेटकडे लक्ष ठेवून.