माथी मारलेला ओळखचोरीचा विमा : दहा वर्षांचे हप्ते लोकपालाकडून परत मिळतील का?

स्लाउकर

नमस्कार. मी २०१४ च्या अखेरीस नोकरीनिमित्त नाशिकहून इंग्लंडला आलो आणि तेव्हापासून स्लाउमध्ये राहतो. या जानेवारीत घराचे कर्ज नव्या दराने बांधून घेण्यासाठी बँकेचे सहा महिन्यांचे उतारे छापून काढले, तेव्हा पत्नीने एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून विचारले की दर महिन्याच्या ३ तारखेला हे ६.९९ पाउंड कोणाला जातात. त्या ओळीत चार अक्षरे आणि एक लांबलचक क्रमांक एवढेच होते. मी ती रक्कम घराच्या विम्यातलीच समजत आलो होतो. चौकशीअंती कळले की तो ‘ओळखचोरी संरक्षण’ नावाचा विमा आहे आणि मार्च २०१५ पासून त्याचे ११९ हप्ते, म्हणजे ८३१.८१ पाउंड, माझ्या खात्यातून गेले आहेत.

आठवते ते असे. क्रेडिट कार्ड टपालाने आले, त्यावर चिकटवलेल्या पट्टीवरील क्रमांकावर ते सुरू करण्यासाठी मी फोन केला, आणि कार्ड सुरू झाल्यावर तोच फोन दुसऱ्या एका कर्मचाऱ्याकडे जोडला गेला. तुम्ही या देशात नवीन आहात, तुमच्या नावाने कोणी कर्ज काढले किंवा कार्ड वापरले तर ती रक्कम तुमच्या गळ्यात पडेल, असे काहीसे ते म्हणाले आणि मी होकार दिला. आता कंपनीने माझी तक्रार दोन कारणांनी फेटाळली आहे : विक्रीला सहा वर्षे उलटून गेली, आणि दरवर्षी नूतनीकरणाचे पत्र पाठवले जात होते. लोकपालाकडे जाण्यात काही अर्थ आहे का, आणि त्यासाठी दावे चालवणाऱ्या एखाद्या कंपनीला ३० टक्के द्यावे लागतात का?

हिशेबी

लोकपाल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राळेगणसिद्धी आणि २०११ चे उपोषण येते, म्हणून आधीच सांगतो की येथील वित्तीय लोकपाल हा भ्रष्टाचार शोधणारा अधिकारी नव्हे. बँक, विमा कंपनी आणि त्यांचा ग्राहक यांच्यातील तंटे न्यायालयाबाहेर सोडवण्यासाठी संसदेने २००० च्या कायद्याने उभी केलेली ती यंत्रणा आहे. ग्राहकाला तेथे एक पेनीही भरावी लागत नाही, वकील लागत नाही, आणि इंग्रजीत अडचण असेल तर दुभाषाची सोय मागता येते.

सहा वर्षांबाबत कंपनीने तुम्हाला अर्धाच नियम सांगितला आहे. तक्रार घटनेपासून सहा वर्षांच्या आत करावी हे खरे. परंतु तक्रारीला कारण आहे हे तुम्हाला कळले, किंवा कळायला हवे होते, तेव्हापासून तीन वर्षे ही दुसरी मुदतही आहे आणि दोन्हींपैकी जी उशिरा संपते ती धरली जाते. त्यामुळे तुमच्या प्रकरणाचा सगळा भार ‘कळायला हवे होते’ या शब्दांवर आहे. नूतनीकरणाच्या पत्राने फार तर एवढे सिद्ध होते की विमा चालू असल्याचे तुम्हाला कळवले होते. तो विकताना तुम्हाला चुकीचे सांगितले गेले, हे त्या पत्रातून कळण्याचा मार्ग होता का, हा वेगळा प्रश्न आहे. तक्रारीत हा फरक स्वच्छ शब्दांत मांडा आणि ती पत्रे मिळाली असतील तर मिळाली असेच लिहा, कारण खोटे ‘मिळालीच नाहीत’ पुढे अंगाशी येते. मुदतीचा मुद्दा कंपनीने उपस्थित केला असला तरी त्याचा निर्णय कंपनी नव्हे, लोकपाल करतो.

आता मूळ विक्री. कार्डाचा गैरवापर झाला तर रक्कम तुमच्या गळ्यात पडेल, हे वाक्य तेव्हाही दिशाभूल करणारे होते. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाने स्वतः लबाडी किंवा घोर निष्काळजीपणा केलेला नसेल तर त्याच्यावर येणारा बोजा कायद्याने मर्यादित होता : तेव्हा जास्तीत जास्त ५० पाउंड, आणि २०१७ च्या नियमांनंतर ३५. तसेच दुसऱ्याने तुमच्या नावाने काढलेले कर्ज तुम्ही केलेला करार नसल्यामुळे ते फेडण्याची जबाबदारी मुळात तुमची नसते. जो धोका बऱ्याच अंशी आधीच दुसऱ्याच्या डोक्यावर आहे, त्याची भीती घालून विमा विकणे हीच तर यातली मेख आहे.

हे नियामकाला २०१५ च्या पुष्कळ आधीपासून माहीत होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्या वेळच्या वित्तीय नियामकाने कार्ड प्रोटेक्शन प्लॅन या कंपनीला १ कोटी ५ लाख पाउंडांचा दंड केला. वर्षाला सुमारे ३५ पाउंडांचे कार्ड संरक्षण विकताना, बँक जे नुकसान तसेही भरून देते त्यासाठी १ लाख पाउंडांचे विमाछत्र मिळेल असे सांगितले गेले, आणि सुमारे ८४ पाउंडांचे ओळख संरक्षण विकताना ओळखचोरीचा धोका फुगवून सांगितला गेला, असे नियामकाचे म्हणणे होते. त्या ग्राहकांसाठी पुढे उच्च न्यायालयाच्या मंजुरीने भरपाईची स्वतंत्र योजना झाली आणि तिची मुदत केव्हाच संपली. तुमची कंपनी वेगळी आणि विक्रीही नंतरची, म्हणून त्या योजनेचा तुम्हाला थेट उपयोग नाही; पण हा प्रकार चुकीचा असल्याचे या धंद्यात २०१५ मध्ये सर्वांना ठाऊक होते, एवढे तुम्ही आधारासाठी अवश्य लिहू शकता.

कंपनीच्या नकाराचे पत्र ‘अंतिम उत्तर’ म्हणून आले आहे का ते पाहा. त्यावरील तारखेपासून सहा महिन्यांत लोकपालाकडे जावे लागते आणि ही मुदत चुकली तर अपवादात्मक कारणाशिवाय दार उघडत नाही. आठ आठवड्यांत उत्तरच आले नसते तर त्यानंतर केव्हाही थेट जाता आले असते. दावे चालवणाऱ्या कंपनीला पैसे देऊ नका. तुमच्या एवढ्या रकमेवर तिचे शुल्क २०२२ पासून ३० टक्क्यांपर्यंतच मर्यादित आहे हे खरे, तरी ते सुमारे अडीचशे पाउंड आणि वर कर होतात, आणि त्या बदल्यात ती तुमच्याच आठवणी तुम्हाला विचारून त्याच अर्जात भरते.

टपालपेटी

एवढा खटाटोप कशासाठी? डायरेक्ट डेबिटची, म्हणजे खात्यातून आपोआप होणाऱ्या वसुलीची, हमी असते. बँकेला फोन करून सांगितले की ती सगळे हप्ते परत जमा करते आणि कालमर्यादाही नाही.

हिशेबी

ती हमी वसुलीतील चुकीसाठी आहे : चुकीची रक्कम, चुकीची तारीख, रद्द केल्यावरही झालेली वजावट. विमा कसा विकला गेला हा करारातील वाद तिच्यात बसत नाही, आणि बँकेने पैसे दिले तरी कंपनी ते तुमच्याकडे पुन्हा मागू शकते. आजपासून पुढचा हप्ता थांबवायचा तर कंपनीला लेखी कळवून विमा रद्द करा आणि मग डेबिट बंद करा. मागच्या हप्त्यांसाठी हा रस्ता नव्हे.

विमेकरी

मी येथे सात वर्षे विमा तक्रारींच्या विभागात, म्हणजे टेबलाच्या पलीकडे, काम केले आहे, म्हणून थोडे कटू सांगतो. ‘दहा वर्षांत कधी उपयोगच झाला नाही’ ही तक्रार होत नाही. घराला आग लागली नाही म्हणून कोणी घराच्या विम्याचे पैसे परत मागत नाही. काही ओळखचोरी विम्यांत पतनोंदीवर नजर ठेवणे, कागदपत्रे निस्तरण्यासाठी मदतनीस, वकिलाचा खर्च अशा खऱ्या सेवा असतात, आणि ग्राहकाने त्या समजून उमजून घेतल्या असतील तर लोकपाल कंपनीच्या बाजूने निकाल देतो. निकाल फिरतो तो त्या फोनवर नेमके काय बोलले गेले यावर.

म्हणून आधी कंपनीकडे स्वतःची सर्व माहिती मागा. ध्वनिमुद्रण, संगणकावरील टिपणे, विक्रीची संहिता, पाठवलेली पत्रे, असे शब्द वापरूनच मागा. त्याला शुल्क नाही आणि सामान्यतः एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. ध्वनिमुद्रण नष्ट झाले असेल तर तसे लेखी घ्या. मग लोकपाल उपलब्ध कागद आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे पाहून काय घडले असण्याची शक्यता अधिक आहे ते ठरवतो. प्रथम अन्वेषक मत देतो, ते कोणालाही अमान्य असेल तर लोकपालाचा अंतिम निर्णय मागता येतो, आणि तो तुम्ही स्वीकारला तर कंपनीवर बंधनकारक ठरतो. बाजूने लागल्यास हप्ते आणि त्यावर व्याज मिळते; जुन्या प्रकरणांत ते वर्षाला ८ टक्के सरळ व्याज असे. व्याजावर कंपनी प्राप्तिकर कापते, त्याचा दाखला मागायला विसरू नका, कमी उत्पन्न असल्यास तो परत मागता येतो.

स्लाउकर

सर्वांचे आभार. पाच आठवड्यांनी कंपनीकडून ध्वनिमुद्रण आले आणि काल रात्री आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात बसून ते ऐकले. एकूण अकरा मिनिटांचे आहे. चौथ्या मिनिटाला ते गृहस्थ म्हणतात की कार्डावर चोराने केलेला खर्च बँक तुमच्याकडूनच वसूल करील, आणि त्यावर मी घाबऱ्या आवाजात ‘येस, येस, ओके’ असे तीनदा म्हणतो. रकमेचा उल्लेख थेट नवव्या मिनिटाला, तोही ‘महिन्याला अगदी किरकोळ’ असा. विमेकरी म्हणतात त्या सेवांपैकी एकीचेही नाव त्यात नाही.

अंतिम उत्तराला तीन महिने झाले आहेत, म्हणून आज अर्ज भरत आहे. चौथ्या आणि नवव्या मिनिटांतील वाक्ये वेळेसह शब्दशः उतरवून जोडली आहेत, आणि नूतनीकरणाची चार पत्रे मिळाल्याचे व ती न वाचता फाइलमध्ये लावल्याचे जसेच्या तसे लिहिले आहे.

विमेकरी

ध्वनिफीतही सोबत जोडा, नुसता उतारा नको. आणि पत्नीने त्या दिवशी रेघ मारलेला बँकेचा उताराही. तीन वर्षांची मोजणी तेथून सुरू होते असे तुमचे म्हणणे आहे, तर त्याचा कागद तुमच्याजवळ आहे.