मठ की बंदर? कोटोरच्या एका दिवसाबद्दल तुमचे अनुभव सांगा

क्रूझला जाणारे ओळखीचे लोक हल्ली हटकून एक प्रश्न विचारतात. माँटेनेग्रोत जहाज एकच दिवस थांबतं, तेव्हा डोंगरातला ऑस्ट्रोगचा मठ बघायचा की कोटोर गावातच फिरायचं? माझं उत्तर माझ्या एका दिवसावर बेतलेलं आहे. म्हणून हा धागा. कोटोरच नाही, जिथे कुठे तुम्हाला अशी निवड करावी लागली तिथलं लिहा.

सुरुवात मी करते. आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि माझी आई, वय अडुसष्ट. आईने जहाजावर चढण्याआधीच सांगून टाकलं होतं, "मला तो कड्यातला मठ बघायचाय." बस सकाळी साडेआठला निघाली. जायला दोन तासांहून जास्त लागतात, आणि शेवटचा घाटरस्ता इतका अरुंद की समोरून गाडी आली की कोणीतरी मागे घेतल्याशिवाय सुटका नाही. खाली ब्येलोपावलिची खोऱ्यातली शेतं, वर उभा करडा कडा आणि त्याच्या पोटात चुन्यासारखी पांढरी भिंत. हाच वरचा मठ. संत वासिलिये यांनी सतराव्या शतकात तो उभारला. १६७१मध्ये ते तिथेच वारले आणि त्यांचा देह आजही तिथल्या गुहेतल्या देवळात ठेवलेला आहे.

रांगेत आमच्या पुढे एक बाई अनवाणी होती. खालच्या मठापासून वरपर्यंत चालत आलेली. तळवे धुळीने पांढरे झालेले. आईने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता स्वतःच्या चपला काढून हातात घेतल्या. गुहेचं दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही. बाहेर येणारे लोक पाठ न फिरवता, उलट्या पावली येत होते. कोणी शिकवावं लागलं नाही, आईही तशीच आली.

मेणबत्त्या लावायच्या दोन जागा असतात. वरची जिवंत माणसांसाठी, खालची गेलेल्यांसाठी. आमच्या बाबांना जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. आईने वर आमच्यासाठी लावल्या, मग खाली वाकून एक लावली आणि ती नीट पेटेपर्यंत हात आडवा धरून उभी राहिली.

परत आलो तेव्हा कोटोरसाठी पस्तीस मिनिटं उरली होती. घड्याळाचा मनोरा पाहिला, धावत बंदरावर. नवऱ्याला अजून चुटपुट आहे, मला नाही. तुमचं सांगा.

वसईहून

आम्ही कॅथलिक, त्यामुळे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं की आम्ही मठाला जाणार. पण बरोबर सहा आणि नऊ वर्षांची मुलं, आणि धाकटीला घाट लागतो. चार-साडेचार तास बसमध्ये? मी नाही म्हटलं आणि मनाला लागूनही राहिलं.

जहाजातून उतरून समुद्राकडच्या वेशीतून आत गेलो. ही वेस १५५५ची. व्हेनिसच्या लोकांनी इथे १४२० ते १७९७ राज्य केलं. आम्ही वसईच्या किल्ल्यात खेळत वाढलेली माणसं, तट दिसला की हात लावून बघतोच. पण इथला तट गावामागच्या डोंगरावर थेट चढत जातो, साडेतेराशे पायऱ्यांच्या आसपास. आम्ही मधल्या माउलीच्या चर्चपर्यंत गेलो आणि थांबलो. १५१८चं ते चर्च प्लेगमधून वाचलेल्यांनी बांधलं. तिथून लाल कौलांची छपरं, त्यापलीकडे खाडी आणि तिच्यात आमचं जहाज, खेळण्याएवढं.

खाली आल्यावर संत त्रिफोनच्या कॅथेड्रलमध्ये शिरलो. ११६६मध्ये ते अर्पण झालं. १६६७च्या भूकंपात पुढचे मनोरे पडले, नंतर पुन्हा बांधले. संतांचे अवशेष ८०९मध्ये व्यापाऱ्यांकडून घेतल्याची परंपरा आहे, ते वरच्या दालनात आहेत. जुन्या गोव्यात सायबाच्या (संत फ्रान्सिस झेवियरच्या) पायाशी जशी गुडघे टेकून प्रार्थना करतो, तशीच इथे केली. मुलं बाहेर मांजरांशी खेळत होती (गावभर मांजरं, आणि सगळी लाडावलेली). दर्शन हवं म्हणून डोंगरात जायलाच हवं असं नाही, एवढं मला सांगायचंय. घाट लागणारं मूल बरोबर असेल तर गावच निवडा.

मालवणचा, जहाजावर गॅलीत (स्वयंपाकघरात)

ताई, आम्हाला निवड नसते. नाश्त्याची पाळी संपली की तीन तास मिळतात, तेही त्या दिवशी इन-पोर्ट मॅनिंगमध्ये, म्हणजे बंदरात जहाजावरच थांबायच्या पाळीत, नाव नसेल तर. ऑस्ट्रोगच्या बसेस सुटताना मी सहा सीझन बघतोय, एकदाही चढलो नाही.

पण एक सांगतो, पाहुण्यांपैकी अर्ध्यांना हे कोणी सांगतच नाही. मठ घ्या नाहीतर गाव घ्या, पहाटे उठून डेकवर या. जहाज खाडीत शिरतं तेव्हा वेरिगेची सामुद्रधुनी येते. अरुंद भागात रुंदी साडेतीनशे मीटरसुद्धा नाही. दोन्ही काठांवरच्या घरांच्या खिडक्या दिसतात, कोंबडा आरवला तर ऐकू येतो. मग उजळायला लागतं आणि पेरास्त गावासमोर दोन बेटं दिसतात. एकावर सायप्रसची झाडं आणि जुना मठ. दुसरं, चर्चवालं, माणसांनी तयार केलेलं. दंतकथा अशी की १४५२मध्ये खलाशांना तिथल्या खडकावर मेरीमातेचं चित्र सापडलं, आणि प्रत्येक सफरीवरून परतणारा तिथे एक दगड टाकू लागला. बेट दगडांनी वाढलं. आजही २२ जुलैला संध्याकाळी होड्यांची रांग दगड घेऊन जाते.

मी ते दरवेळी गॅलीच्या बाहेरच्या रेलिंगपाशी पाच मिनिटं उभा राहून बघतो. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला वडील दर्याला नारळ देतात, तेव्हा त्यांचा चेहरा जसा होतो तसा त्या होड्यांमधल्या म्हाताऱ्यांचा असेल असं वाटतं. तीन तासांत मी वेशीजवळच्या कट्ट्यावर बसतो आणि आईला व्हिडिओ कॉल लावतो. तिला तट दाखवतो. माझं कोटोर एवढंच, पण ते मला पुरतं.

नागपूरची, सध्या फ्रँकफर्ट

आमची निवड ग्रीसच्या क्रेट बेटावर. जहाज सुदा बंदराला लागलं. हानियाचं जुनं बंदर तिथून काही किलोमीटरवर, दीपस्तंभ, ओळीने खानावळी. नवरा म्हणाला तिथेच बसू. मी हट्टाने आर्काडीचा मठ घेतला.

नोव्हेंबर १८६६मध्ये या मठात शेकडो बंडखोर आणि त्यांची बायकामुलं अडकली होती. तुर्की फौज आत शिरली तेव्हा त्यांनी दारूचं कोठार पेटवलं. ते कोठार आज छप्पराविना उघडं आहे. आत गवत वाढलंय आणि वर फक्त आकाश. अंगणातल्या जुन्या सायप्रसच्या खोडात गोळी अजून रुतलेली आहे. जेवणघरातल्या मेजांवर तलवारींचे वार आहेत. मी एका खाचेत बोट घातलं, नखभर खोल.

बसमध्ये परतताना कोणी बोललं नाही. आर्काडी ही श्रद्धेची जागा आहे तशीच लढ्याचीही, म्हणून इतिहास आवडणाऱ्याने ते सोडू नये. पण मनावर दगड बसेल याची तयारी ठेवून जा. बरोबरच्या एका कुटुंबाला ते झेपलं नाही, आणि त्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं याचं मला वाईट वाटलं.

ठाणे

ग्रीसच्या पाटमोस बेटावर हा प्रश्नच येत नाही. १०८८मधला संत योहानचा मठ बंदरावरूनच दिसतो, बसने पंधरा-वीस मिनिटं. दोन्ही करा.

धागाकर्ती

मालवणच्या दादा, तुमचं वाचून फार वाटलं. आम्ही त्या पहाटे झोपलो होतो.

जाणाऱ्यांच्या उपयोगाच्या काही गोष्टी: ऑस्ट्रोगला गुडघे झाकणारे कपडे लागतात. बायकांनी ओढणी आणि लांब स्कर्ट किंवा सलवार घालावी. खालच्या मठापासून वर शटल असते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी घाबरू नये. माँटेनेग्रो शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा चालतो, तो गट) नाही, पण चलन युरोच. तिथून जहाज पुन्हा ग्रीस किंवा क्रोएशियाला जाणार असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच घ्या. मठाची सहल जहाजाकडूनच घ्या. जहाजाच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, बाहेरच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. गावासाठी मात्र कोणाचीच सहल लागत नाही, उतरलं की समोर वेस.

वसईच्या ताई, तुमचं ते माउलीचं चर्च मी आईला फोटोत दाखवलं. ती विचारतेय, तिथेही खाली मेणबत्ती लावायला जागा आहे का.