दाताचा रंग आणि दाताचे वय
शार्कचा जीवाश्म झालेला दात जितका काळा तितका तो जुना, असे अनेकदा म्हटले जाते. ते मात्र तितकेसे खरे नाही. शार्कचा दात गाळात गाडला गेला की भोवतालच्या पाण्यातील खनिजे त्यात हळूहळू मुरतात आणि त्याला त्या थराचा रंग येतो. म्हणूनच फ्लोरिडातील व्हेनिसच्या किनाऱ्यावर बहुतेक दात काळे मिळतात, तर अन्यत्र तितकेच जुने दात करडे किंवा तांबूसही असतात. ओळखीसाठी रंगापेक्षा आकार, कड आणि मुळाची ठेवण पाहणे अधिक भरवशाचे. मेगॅलोडॉन या नामशेष झालेल्या महाकाय शार्कच्या दाताची कड बारीक करवतीसारखी असते आणि मुळाच्या वर बहुधा एक गडद पट्टा दिसतो. व्हेनिसला जाणार असाल तर ओहोटीच्या वेळी, लाट परतताना जिथे शिंपल्यांचा चुरा साचतो तिथे चाळणी चालवा. त्यासाठी वापरतात त्या लांब दांड्याच्या जाळीदार टोपलीला तिथले लोक गमतीने ‘फ्लोरिडाचे बर्फाचे फावडे’ म्हणतात. अमेरिकेच्याच मेरीलँड राज्यातील किनाऱ्यावरच्या कॅल्व्हर्ट कड्यांचे थर मायोसीन काळातले (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीचे) आहेत आणि तिथेही भरपूर दात मिळतात, पण दरडी कोसळत असल्याने तिथल्या राज्य उद्यानात कड्यांखाली जाण्यास मनाई आहे. लाटांनी वाळूत आणून टाकलेले दातच वेचावेत.