पुरानंतर उभे राहिलेले चिपळूण आणि आम्ही बाहेर गेलेले लोक

माहेर_चिपळूण:
माझे बालपण आणि शिक्षण चिपळुणात झाले. २००४ साली लग्न होऊन मी नाशिकला आले, त्यामुळे २६ जुलै २००५ चा पूर मी पाहिला नाही आणि २२ जुलै २०२१ चाही नाही. दुसऱ्या पुराच्या दिवशी आईवडील बाजारपेठेलगतच्या घराच्या माळ्यावर अडकले होते, त्यांचा फोन लागत नव्हता, आणि मी इथे दूरदर्शन संचासमोर बसून आमच्या गल्लीतून वाहणारे गढूळ पाणी ओळखण्याचा प्रयत्न करत होते. पुढे वडिलांनी सांगितले, की त्यांना पहिला चहा मिळाला तो समोरच्या इमारतीतल्या मुलांकडून, दोरीला बांधलेल्या किटलीतून. त्या मुलांची आणि आमच्या घराची तोवर साधी ओळखही नव्हती.

गेल्या मे महिन्यात बऱ्याच वर्षांनी निवांत राहायला गेले, तेव्हा बाजारपेठ गजबजलेली होती. आमच्या भिंतीवरची पाण्याची खूण वडिलांनी मुद्दाम रंगवू दिलेली नाही. ती माझ्या डोक्याच्या वर आहे. एवढ्या पाण्यातून हे गाव पुन्हा कसे उभे राहिले, ते मला तिथल्याच माणसांकडून समजून घ्यायचे आहे. आणि आमच्यासारख्या गाव सुटलेल्यांनी नुसते कौतुक करण्यापलीकडे काय करावे, हेही कृपया सांगावे.

पेठेतला_वाणी:
ताई, माझे किराणा दुकान आहे, म्हणून दुकानापासूनच सांगतो. पाणी ओसरल्यावर शटर उघडेना, कारण आतून फुगलेल्या तांदळाची पोती त्याला टेकली होती. ते पहारीने उचकटले, तेव्हा आंबलेल्या धान्याचा जो वास आला तो आजही पावसाळ्याच्या सुरुवातीला आठवतो. पुराचा गाळ ओला असेपर्यंतच ओढून काढावा लागतो, एकदा वाळला की फरशीला सिमेंटसारखा धरतो. त्यामुळे रडायलाही सवड नव्हती. वीज नाही, नळाला पाणी नाही, आणि गाळ धुवायलाही पाणीच हवे. ज्यांच्या विहिरी उंचावर होत्या त्यांनी त्या सगळ्यांना मोकळ्या केल्या. गुहागर, दापोली, खेड या बाजूंनी तरुण मुले स्वतःची फावडी आणि घमेली घेऊन आली. दुपारी टेम्पोतून डाळभात यायचा, तो गाळाने माखलेल्या हातांनीच आम्ही खाल्ला. मुंबई-ठाण्याकडच्या महापालिकांचे सफाई कामगार आले होते, त्यांचे नाव मी सर्वांत आधी घेईन, कारण सडलेला माल आणि मेलेली जनावरे उचलण्याचे काम त्यांनी केले.

माझ्या विमा कंपनीने कागदपत्रांवरून जवळजवळ वर्षभर हेलपाटे घालायला लावले. तोवर मला तारले ते घाऊक व्यापाऱ्याने. जुनी उधारी मागे ठेवून त्याने नवा माल भरून दिला. १० सप्टेंबरला गणपती होते, म्हणजे पुरानंतर बरोबर ५० दिवसांनी, आणि त्याआधी दुकान उघडायचे असा पेठेत बहुतेकांचा हट्ट होता. मी फळ्या मांडून का होईना, पण उघडले. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक आले ते अगरबत्ती आणि कापूर मागायला.

जुना_वाचक:
लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराविषयी लिहिल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही. १८६४ साली स्थापन झालेले हे वाचनालय २००५ च्या पुरात बुडाले होते. त्यातून सावरून याच संस्थेने जानेवारी २०१३ मध्ये ८६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणात भरवले, आणि आठ वर्षांनी पुन्हा पाणी आले. भिजलेले पुस्तक फुगते हे ठाऊक होते, पण रांगेतली पुस्तके फुगून एकमेकांत अशी अडकतात, की एकही बाहेर निघत नाही, हे मी त्या आठवड्यात पाहिले. कपाट आडवे करून ती उपसावी लागली. हजारो ग्रंथ गेले. सभासद, लेखक, प्रकाशक आणि दूरदूरच्या वाचकांनी पुस्तके पाठवली, म्हणून दालन पुन्हा भरले.

ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे: पुस्तके द्यायची असतील तर आधी यादी पाठवावी. न विचारता आलेल्या खोक्यांत एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती आणि जुनी क्रमिक पुस्तके निघतात, मग ती निवडण्यातच माणसांचे दिवस जातात.

काठावरचा:
कौतुक योग्यच आहे, परंतु सगळेच उभे राहिले असे मात्र लिहू नये. आमच्या भागात भाड्याच्या गाळ्यात शिलाई यंत्र चालवणारे एक काका होते, ते परत आले नाहीत. ज्यांचे घर स्वतःचे होते त्यांना निदान पुन्हा सुरुवात करायला जागा होती.

वाशिष्ठीकाठ:
माझ्या मते गावाची खरी कसोटी गाळ घरातून काढल्यानंतर लागली. वाशिष्ठी सह्याद्रीतून झपाट्याने खाली येते, पुढे दाभोळच्या खाडीला मिळते, आणि भरतीच्या वेळी खाडीचे पाणी चढले की पुराला उतरायला वाट उरत नाही. शिवाय कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडीवरून याच नदीत येते. पात्र मात्र वर्षानुवर्षांच्या गाळाने उथळ झालेले, मध्ये बेटे तयार झालेली. मदतीचा ओघ आटल्यावर लोक घरी बसले असते तर हे सारे तसेच राहिले असते. तसे झाले नाही. चिपळूण बचाव समितीच्या नावाखाली व्यापारी, वकील, डॉक्टर, निवृत्त शिक्षक एकत्र आले आणि डिसेंबर २०२१ मध्ये वाशिष्ठी आणि शिवनदीतील गाळ काढण्यासाठी साखळी उपोषणाला बसले. रोज नवी मंडळी बसायची. आमच्या आळीचा दिवस आला तेव्हा ज्यांनी उभ्या आयुष्यात कधी घोषणा दिली नव्हती, अशा आमच्या आईही सतरंजीवर येऊन बसल्या. त्यानंतर शासनाची यंत्रणा हलली, शिवनदीच्या कामाला नाम फाउंडेशनचे साहाय्य मिळाले आणि पात्रात पोकलेन उतरलेले आम्ही पाहिले. सखल भागात आजही पाणी येते आणि नदी पुन्हा गाळ आणणारच, म्हणून दर पावसाळ्याआधी हे काम मागावे लागते. बाहेर असलेल्या चिपळूणकरांत अभियंते आहेत, सरकारी नोकरीत असलेले आहेत. निवेदनाचा मसुदा तपासून देणे, नकाशे वाचून समजावून सांगणे, एवढी मदत त्यांनी केली तरी ती आम्हाला पैशांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

माहेर_चिपळूण:
आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. 'काठावरचा' यांनी लिहिलेले वाचून वडिलांना विचारले, तेव्हा कळले, की ते शिंपीकाका त्यांच्याही ओळखीचे होते आणि सध्या मुलीकडे राहतात. वडील त्यांना फोन करणार आहेत. माझे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि नकाशे वाचण्याचे काम त्यांनी आनंदाने स्वीकारले आहे. पुस्तकांची यादी मी शनिवारपर्यंत पाठवते. एकच विनंती आहे, वाचनालयात जागा असेल तर वडिलांचे जुने कोश वरच्या फळीवर ठेवावेत.