एका प्रश्नात समाधान मावत नाही
ज्या मुलांना पोटावर छिद्र करून बसवलेल्या नळीतून अन्न दिलं जातं, त्यांच्या पालकांना ‘समाधानी आहात का?’ एवढंच विचारलं की पुरे, हे मला पटत नाही. मुलाचं वजन वाढलं, औषधं नीट पोटात जायला लागली, की आई ‘हो’ म्हणणारच. पण रात्री नळीत अन्न सोडणाऱ्या पंपाचा अलार्म वाजला की कोण उठतं? नळी निसटली तर आई किती घाबरते? पोटावरच्या छिद्राभोवती चिघळतं का? आणि घास भरवण्याचं सुख गेल्याची खंत (ती कुणी विचारतच नाही)? पोटातल्या नळीबद्दल पालकांचं समाधान जोखायला स्पेनमध्ये ‘सागा-८’ ही ८ प्रश्नांची प्रश्नावली झाली आहे. तशी वापरावीच, पण नळी बसवल्यावर लगेच आणि पुन्हा काही महिन्यांनी. सुरुवातीची भीती ओसरली की उत्तरं बदलतात. शिवाय उपचार करणाऱ्यांसमोर पालक तक्रार गिळतात, म्हणून प्रश्न तिसऱ्याच कुणीतरी विचारावेत.